विहिणीची कॉफी

माया तायडे छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, शेवटची अकरा वर्षं वॉर्डाच्या इन्चार्ज. अकोल्याच्या बाजारात आजही कोणी ना कोणी त्यांना थांबवतं आणि विचारतं, "सिस्टर, वळखलं का?" त्यांना नाव आठवत नाही, पण खाट कितवी होती ते आठवतं.

वॉर्डात नवं सामान आलं की सही करण्याआधी त्या ते उलटं करून पाहत. ट्रेची कड नीट वळवली आहे का, हँडल स्क्रूनं बसवलंय की नुसतं चिकटवलंय, झाकण दहा वेळा उघडलं-लावलं तर सैल पडतं का. न पटलेलं सामान परत जायचं. निवृत्त झाल्यावर हा सगळा कडकपणा घरी आला आणि त्याचे धनी एकटे देवमन तायडे झाले. देवमनजी म्हणजे त्यांचे यजमान, विद्युत मंडळातले निवृत्त लाइनमन, कमी बोलणारे.

त्यांना मुलगी एकच, दीक्षा. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न अमरावतीच्या धम्मदीप वानखडेशी झालं. दीक्षा तिथंच बँकेत नोकरीला आहे. धम्मदीप कृषी खात्यात, आठवड्यातले चार दिवस भातकुली नाहीतर चांदूर रेल्वेकडे दौऱ्यावर. त्यामुळे कठोरा रोडवरच्या त्या घरात बहुतेक वेळ दोघीच असतात, दीक्षा आणि तिची सासू शालूताई. शालूताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्याही आता निवृत्त आहेत.

शालूताईंमध्ये खोट काढायला जागा नव्हती, आणि माया सिस्टरना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होता. हुंडा नाही, मानपान नाही, लग्न विहारात साधेपणानं. सुनेला नोकरी सोड म्हणणं तर दूरच, सकाळी तिचा डबा त्या स्वतः भरून द्यायच्या. मायाबाईंची बहीण म्हणायची, "पोरीनं नशीब काढलं." मायाबाई हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

कॉफीचं असं की, ती आधी मायाबाईंची होती. दीक्षा दहावीला होती तेव्हापासून बँकेच्या परीक्षा होईपर्यंत, रोज पहाटे आईच्या हातची कॉफी तिच्या टेबलावर यायची. डब्यातली पावडर, साखर आणि दोन चमचे पाणी, हे पंधरा मिनिटं चमच्यानं फेटायचं. रंग पांढुरका झाला की वरून कढत दूध. ड्यूटीवरून थकून आल्या तरी मायाबाईंनी फेटणं चुकवलं नाही. दीक्षा पास झाली तेव्हा पेढे वाटताना ती सगळ्यांना म्हणाली होती, "अर्धे मार्क आईच्या कॉफीचे आहेत." हे वाक्य मायाबाईंनी कोणाला सांगितलं नाही, पण जपून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी जानेवारीत दोघं नवराबायको लेकीकडे अमरावतीला गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉफीची एक काळी, चकचकीत मशीन उभी होती. शालूताईंचा धाकटा मुलगा रोहित बंगलोरला असतो, त्यानं आईला पाठवलेली. चिखलदऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून बिया यायच्या, त्या घरीच दळल्या जायच्या.

"बसा मायाताई, आज तुमाले आमच्या हातची पाजतो," शालूताई म्हणाल्या.

आमच्या म्हणजे दोघींच्या. मायाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. सासू बिया मोजत होती, सून कप गरम पाण्यानं विसळत होती. "मम्मी, थोडी जाड दळा, काल कडू झाली होती," असं दीक्षा म्हणाली आणि शालूताईंनी लगेच दळण जाड-बारीक करायची चकती फिरवली. दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते. ओट्यावर एवढी जागा असून त्या चिकटून का उभ्या आहेत, असं मायाबाईंना वाटलं.

कॉफी चांगली होती. त्यांनी तसं सांगितलंही. दीक्षा हसून म्हणाली, "आई, आता कळतं, तुझी कॉफी म्हणजे नुसता पाक होता. मी कशी पीत होती काय माहीत."

सगळे हसले. मायाबाईही हसल्या.

परतीच्या गाडीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. देवमनजींनी शेंगा घेतल्या, सोलून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्या तशाच राहिल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. तुमाले कॉफी कशी लागली?"

"बेस होती."

"हं," मायाबाई म्हणाल्या आणि शेंगा त्यांना परत दिल्या.

कौलखेडच्या घरी पोचून चपला काढता काढता त्यांनी जाहीर केलं, "आपून बी मशीन घेऊन राहिलो. पन तिच्यासारखी नाई. टिकाऊ पाहिजे."

"कितीक टिकाऊ?"

"तिची बंद पडन, तवा आपली चालू राहिली पाहिजे."

देवमनजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय धुवायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मायाबाई एका मोठ्या दुकानात गेल्या. विक्रेत्यानं तीन मशीन काढून दाखवल्या, एकीवर तर रंगीत दिवे लागत होते. मायाबाईंनी पहिली मशीन उलटी केली. तो घाबरला.

"मॅडम, असं नका करू."

"खाली स्क्रू एक बी दिसत नाई. उघडाची कशी?"

"उघडायची गरजच पडत नाही. दोन वर्षांची वॉरंटी आहे."

"अन् तिसऱ्या वर्षी?"

तो नवं मॉडेल येतं वगैरे सांगू लागला. त्यांनी पाण्याच्या टाकीवर बोटाचं हाड वाजवून पाहिलं, आवाज पातळ प्लास्टिकचा आला. आतल्या रबराची चकती अकोल्यात कुठे मिळते, असं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्या तशाच परत आल्या.

मग त्यांना सुचलं की दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, वस्तू उघडणाऱ्याला विचारावं. टिळक रोडच्या आतल्या गल्लीत मोतीराम मिस्त्रीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्र्या, गिझर, जे बिघडेल ते. त्याची आई एकदा मायाबाईंच्या वॉर्डात तीन आठवडे होती. भिंतीजवळची खाट.

"सिस्टर, मिक्सर बिघडला का?"

"नाई. मले एवढं सांगा, तुमच्याकडे कोनती कॉफीची मशीन दुरुस्तीले कधीच येत नाई?"

मोतीराम हातातला पेचकस ठेवून हसला. "असं आजवर कोनीच विचारलं नाई." मग त्यानंच विचारलं, "पानी कोनतं वापरसान?"

"बोअरचं. नळ पाचव्या दिवशी येते, ते प्यायले पुरते."

त्यानं फळीवरून एक उघडलेली मशीन खाली घेतली. आतून करंगळीहून बारीक नळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. नळीचं तोंड पांढऱ्या दगडानं बंद झालं होतं.

"मशीनचा दोष नाई हो. पंप चांगला, हीटर चांगला. आपलं पानी असं जड. दीड वर्षात नळी बुजते."

मायाबाईंनी तो पांढरा थर नखानं खरवडून पाहिला. वॉर्डात कात्र्या-चिमटे उकळायच्या भांड्याला असाच थर बसायचा. दर महिन्याला लिंबूसत्व घालून तो उकळून काढावा लागे. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

"मंग अशी वस्तू सांगा, जिच्यात नळीच नाई."

मोतीरामनं मागच्या खोक्यातून एक भांडं आणलं. मूर्तिजापूरच्या एका रेल्वेच्या साहेबाचं होतं, पंधरा वर्षं जुनं, फक्त दांडा बदलायला आलेलं. त्याचे तीन तुकडे होते. खालच्यात पाणी, मधल्या चाळणीत कॉफी, आणि वरचा तुकडा रिकामा. गॅसवर ठेवलं की वाफेच्या जोरानं पाणी कॉफीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात जमतं. लोक त्याला मोका पॉट म्हणतात.

"हे दोन जातीत येते. ॲल्युमिनियमचं घेऊ नोका. आपल्या पान्याचा थर बसनच, तो काढाले तुमी लिंबूसत्व टाकसान, अन् त्यानं ॲल्युमिनियम आतून खाल्लं जाते. काळं पडते, मंग कॉफीले पत्र्याचा वास. स्टीलचं घ्या, बूड जाड पाहून. रबराच्या चकत्या दोन जास्तीच्या आनून ठेवा. भांडं मोडत नाई, चकती तेवढी कडक होते."

"अन् दळाले?"

"हातचक्की. दाते पोलादाचे पाहजा, अन् मधला दांडा हालवून पाहजा. दांडा डुगडुगला त दळन कुठी जाड कुठी बारीक येते."

हे सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. निघताना, जसं काही सहज आठवलं, असं दाखवत त्यांनी विचारलं, "अमरावतीले अशी विजेची मशीन असली, त किती वर्षं टिकन?"

"तिथलं पानी हलकं आहे. चांगली ठेवली त आठ-दहा वर्षं कुठी गेली नाई."

मायाबाईंचा चेहरा उतरला. शालूताईंना मुलगा चांगला, सून चांगली, आणि आता पाणीही चांगलं.

खरेदीला दोन महिने लागले. पहिलं आलेलं भांडं त्यांनी परत पाठवलं, कारण दांडा नुसता चिकटवलेला होता. दुसऱ्याचे वरचे-खालचे आटे नीट बसत नव्हते. तिसरं आलं ते जड होतं, बूड सपाट, दांडा रिबिटा ठोकून पक्का बसवलेला. देवमनजींनी पाणी भरून ते गॅसवर ठेवलं, सांध्याजवळ आरसा धरला आणि वाफ कुठून निसटते का ते पाहिलं. कुठून निसटली नाही. हातचक्कीचे त्यांनी सगळे भाग सोडवले, पुसले आणि परत जोडले. बिया त्यांनी नागपूरहून मागवल्या. चिखलदऱ्याच्या नकोत, असं मायाबाईंचं म्हणणं पडलं.

पण भांडं चांगलं म्हणजे कॉफी चांगली असं झालं नाही. पहिल्या दिवशी कॉफी करपली. दुसऱ्या दिवशी पाणचट. चौथ्या दिवशी देवमनजी घोट घेऊन म्हणाले, "आज औषधासारखी झाली." मायाबाईंनी मग वॉर्डातल्या ताप-नाडीच्या तक्त्यासारखा एक कागद आखून फ्रिजवर चिकटवला. चक्कीचे किती वेढे, आच किती, पाणी थंड घातलं की गरम, आणि शेवटच्या रकान्यात देवमनजींचं मत. नळाचं पाणी गरम करून घालायचं, आच बारीक ठेवायची, आणि वर चढणाऱ्या कॉफीचा रंग फिका झाला की लगेच उतरवायचं, हे त्यांना सातव्या आठवड्यात सापडलं.

सप्टेंबरात दीक्षा दोन दिवसांसाठी एकटी आली. मायाबाईंनी काही न सांगता कप तिच्यासमोर ठेवला. दीक्षानं घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला.

"आई, ही तू केली? एकदम मस्त झाली."

मायाबाईंचे कान गरम झाले.

"थांब, मम्मीला सांगते," दीक्षा म्हणाली आणि फोन काढून भांड्याचा फोटो घेतला. पाच मिनिटांत शालूताईंचा उलटा फोन. कशी करता, कुठून आणलं, चक्की हातची का. दीक्षा सगळं हसून सांगत होती आणि तिची कॉफी कपात निवत होती. मायाबाई त्या कपाकडे पाहत बसल्या.

ऑक्टोबरात शालूताईंची मशीन बंद पडली. पाण्यानं नाही, आतलं एक सर्किट गेलं. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, वॉरंटी संपली आहे, भाग बाहेरून येईल, तीन महिने धरा. हे दीक्षानं फोनवर सांगितलं तेव्हा मायाबाईंनी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रवा भाजायला घेतला.

देवमनजी वाटीतला शिरा पाहून म्हणाले, "आज काय आहे?"

"काई नाई. खावंसं वाटलं."

त्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "त्यायची मशीन बंद पडली, असं दीक्षा सांगत होती ना?"

मायाबाई कढई घासायला उठल्या. पण त्या दिवशी शिरा त्यांना गोड लागला होता, हे त्या स्वतःशी नाकारू शकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शालूताईंचाच फोन आला. "जयभीम मायाताई. एक काम होतं तुमच्याकडे. दीक्षा म्हणते, तुमी दोन-तीन महिने चौकशी करून भांडं घेतलं. मलेही आता ते मशीनचं झंझट नको. कोणतं घेऊ सांगा. तुमी म्हणसान ते घेतो."

मायाबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. समोर त्यांचं स्टीलचं भांडं पालथं वाळत होतं. अमरावतीच्या स्वयंपाकघरातलं एक शेल्फ त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तिथं लिंबूसत्वाचं पाकीट असतं. शालूताई महिन्याच्या पहिल्या रविवारी मशीन त्या पाण्यानं धुतात, हे दीक्षानंच कधीतरी सांगितलेलं. विज्ञानाच्या बाई, नेमानं धुणाऱ्या. भांडं कोणतंही आणलं तरी त्या तशाच धुणार.

"ॲल्युमिनियमचं घ्या," त्या म्हणाल्या. "हलकं पडते. लवकर तापते. बहुतेक लोक तेच घेतात."

यात एकही शब्द खोटा नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी हे स्वतःला दोनदा सांगितलं.

त्यानंतरचे काही आठवडे दीक्षाच्या फोनमध्ये कॉफीचा विषय निघेना. मायाबाईंनीही विचारलं नाही. डिसेंबरात एका सकाळी दीक्षा बँकेत जायच्या घाईत बोलत होती.

"चहा पिऊन निघते आता."

"चहा? अन् कॉफी?"

"ते भांडं आतून काळं पडलं ना. कॉफीला पत्र्यासारखी चव येते. मम्मीनं खूप घासलं, लिंबूसत्वात उकळलं, तर आणखीच बिघडलं. आता त्या आपल्या खोलीत चहा घेतात, मी ओट्याजवळ उभ्यानं पिते. काही नाही, टाइम वाचतो." मग ती म्हणाली, "पहिले सकाळी अर्धा तास बसायचो आम्ही. धम्मदीप नसते घरी, तर बोलायला तेवढंच होतं. जाऊ दे. ठेवते."

मायाबाईंनी फोन ठेवला. शालूताईंचं काही बिघडावं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. ओट्याजवळ एकटी उभी राहून चहा पिणारी दीक्षा त्यात नव्हती. चाळीस खाटांच्या वॉर्डात त्यांनी एकही चुकीची गोळी जाऊ दिली नव्हती. आणि इथं त्यांनी जाणून, विचार करून, चुकीचं सांगितलं होतं.

देवमनजी अंगणात सायकलला तेल देत होते. मायाबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी कापडानं हात पुसले.

"मले शिऱ्याच्या दिवशीच वाटलं होतं, काईतरी होऊन राहिलं म्हनून."

"मंग बोलले काहून नाई?"

"तू ऐकलं असतं?"

त्या शनिवारी मायाबाई एकट्याच अमरावतीला गेल्या. दीक्षा बँकेत असेल अशी वेळ त्यांनी धरली होती. शालूताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि आधी स्वतःच अपराध्यासारखं बोलू लागल्या. "तुमी एवढं चांगलं सांगितलं अन् मी भांडं खराब करून टाकलं. माह्या हाताले वळणच नाही."

भांडं खिडकीत ठेवलेलं होतं. मायाबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. तळाला काळे डाग होते आणि बारीक खड्डे पडले होते.

"तुमच्या हातानं नाई झालं," त्या म्हणाल्या. "लिंबूसत्वानं ॲल्युमिनियम खराब होते, हे मले माहीत होतं. तुमी लिंबूसत्व वापरता, हे बी माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाई."

शालूताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी भांडं हातात घेऊन आत पाहिलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

मायाबाईंनी गाडीत उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते त्यांना आठवलं नाही. "दीक्षा तुमच्या बाजूले उभी राहते, ते पाहवत नव्हतं," त्या म्हणाल्या.

बाहेरून भाजीवाली ओरडत गेली. शालूताई उठल्या, आत गेल्या. मायाबाईंना वाटलं, आता आपण निघावं. त्यांनी पिशवी उचलली. तेवढ्यात शालूताई साडी बदलून, पर्स घेऊन बाहेर आल्या.

"चला. जयस्तंभ चौकात भांड्याचं दुकान आहे. आज खरं सांगून निवडून द्या."

दोघी ऑटोनं गेल्या. दुकानात स्टीलचे चार मोका पॉट होते. मायाबाईंनी चारही उलटे केले. एकाचं बूड हातानं दाबल्यावर लवलं म्हणून तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचा दांडा चिकटवलेला. तिसऱ्याच्या खालच्या भांड्यात जास्तीची वाफ बाहेर सोडणारी खिट्टी असते, तिच्यावर बारीक चीर होती, ती त्यांनी दुकानदाराला दाखवली तेव्हा त्यानं मुकाट्यानं तो आत नेला. चौथ्याचे आटे त्यांनी सहा वेळा लावले, काढले. रबराच्या दोन चकत्या वेगळ्या मागून घेतल्या. एवढ्या काळजीनं त्यांनी स्वतःचंही भांडं पाहिलं नव्हतं.

परतताना शालूताई बाहेर बघत म्हणाल्या, "मायाताई, तुमी मले फोनवर फसवलं, ते मी विसरणार नाही. उगाच गोड बोलत नाही."

"विसरू नोका," मायाबाई म्हणाल्या.

"पण भांडं चांगलं निवडलं." थोड्या वेळानं त्या पुढं म्हणाल्या, "दीक्षाले मी सांगणार नाही. तुमी सांगा."

मायाबाईंनी संध्याकाळी दीक्षा बँकेतून आली तेव्हा, तिनं चप्पल काढण्याआधीच सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती हसेल. दीक्षा हसली नाही.

"आई, त्यांनी मले तीनदा विचारलं होतं, मायाताईले फोन करू का, भांडं असं काहून झालं. मी म्हटलं, आईले वाईट वाटेल, तुमचंच काहीतरी चुकलं असेल. मी त्यांनाच बोलली."

एवढं बोलून ती आत गेली. मायाबाई शेवटच्या गाडीची वाट न पाहता बसनं अकोल्याला परत आल्या.

नऊ दिवस दीक्षाचा फोन आला नाही. मायाबाई रोज कॉफी करत होत्या, पण फ्रिजवरच्या कागदावर काही लिहीत नव्हत्या. देवमनजी स्वतःहून "आज चांगली झाली" म्हणायचे, त्यावर त्या मान हलवायच्या. दहाव्या दिवशी फोन वाजला. दीक्षा रागावलेलीच होती, पण तिला विचारायचं होतं, नव्या भांड्यात पाणी खिट्टीच्या वर भरायचं की खाली.

"खाली. वर कधीच नाई भराचं. खिट्टी बुजन," मायाबाई म्हणाल्या. "अन् धुताना साबन लावू नोको, नुसतं पानी."

"मम्मी म्हणतात, लिंबूसत्व चालेल का?"

"स्टीलले चालते. पन थर दिसला तरच. त्यायले सांग, दर महिन्याले गरज नाई."

"तूच सांग," दीक्षा म्हणाली आणि फोन शालूताईंच्या हातात दिला.

त्या दिवशी दोघी विहिणी वीस मिनिटं बोलल्या. चक्कीचे वेढे किती, आच किती, दूध आधी की नंतर. शालूताई आधी तुटक बोलत होत्या. मग एका मुद्द्यावर त्यांनी मायाबाईंचं म्हणणं खोडून काढलं, पाणी गरम घालावं की थंड यावर, आणि दोघी चांगल्या वादाला लागल्या.

याला आता सात महिने झाले. मार्चमध्ये अमरावतीच्या भांड्याची पहिली चकती बदलली, ती शालूताईंनी स्वतः बदलली आणि फोटो पाठवला. चकती उलटी बसली होती. मायाबाईंनी तसं कळवलं.

हेवा गेला, असं मायाबाई म्हणत नाहीत. देवमनजींनी एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "आहे अजून. थोडा कमी झाला." दीक्षाचा सकाळी फोन आला की त्या अजूनही आधी विचारतात, "आज कोनी केली?" दीक्षानं "मम्मीनं" म्हटलं की त्यांना आत कुठंतरी टोचतं. मग त्या विचारतात, "बरी झाली का?" आणि दीक्षा जे सांगेल ते पूर्ण ऐकून घेतात.